जुना कार ॲम्प्लिफायर : चोखंदळ खरेदी की विकतचे दुखणे?

गिरगावकर : गेल्या महिन्यात ग्रँट रोडच्या एका दुकानातून मी साधारण वीस वर्षांपूर्वीचा, दोन चॅनेलचा (डावा-उजवा स्पीकर वेगळे वाजवणारा) ‘क्लास एबी’ या जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर, म्हणजे गाडीतल्या स्पीकरना शक्ती पुरवणारे यंत्र, घेतला. त्याच पैशांत खोक्यावर ‘२००० वॅट’ छापलेला नवा डबा मिळत होता, पण त्याचा फ्यूज होता ३० अँपिअरचा. चालू गाडीच्या १४.४ व्होल्टने गुणले तर आत जाणारी शक्तीच ४३२ वॅट भरते. मग बाहेर दोन हजार येणार कुठून? याउलट जुन्या काळच्या काही कंपन्या आकडे हात राखून छापत. रॉकफोर्ड फॉसगेटच्या ‘पंच ४५’ची छापील क्षमता चार ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे अवघी २२.५ वॅट होती आणि प्रत्यक्षात तो त्याहून बराच अधिक देई.

परळचा दुरुस्तीवाला : आपला हिशेब बिनचूक आहे, पण तो नव्या डब्याविरुद्धचा पुरावा झाला, जुन्याच्या बाजूचा नव्हे. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा, आत द्रव असलेला भाग) वापरात नसतानाही हळूहळू वाळतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल, ते पाहा. त्यातून हे यंत्र अनेकदा सीटखालीही बसवलेले असते, म्हणजे तुंबलेले पाणी गाडीत शिरले की पहिली आंघोळ त्याचीच. २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या महापुरानंतर अशा किती गाड्यांचे सामान बाजारात आले असेल! झाकण उघडल्यावर कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग, सोल्डरच्या टाक्यांवर हिरवट बुरशीसारखा थर आणि सुक्या मासळीसारखा वास आला, तर दुकानदाराला नमस्कार करून निघावे. (भाऊच्या धक्क्याजवळ राहणाऱ्यांनी वासावर विसंबू नये.)

ठाणेकर : विजेचे गणित दोघांनीही सोडले. क्लास एबीची कार्यक्षमता (घेतलेल्या विजेतला स्पीकरपर्यंत पोहोचणारा वाटा) पूर्ण आवाजातही पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास असते, तर क्लास डी या वेगाने चालू-बंद होणाऱ्या नव्या प्रकाराची सहज ऐंशीच्या पुढे जाते. लहान गाडीच्या अल्टरनेटरला (वीज तयार करणाऱ्या जनित्राला) एसी, दिवे आणि वायपर सांभाळून पावसाळ्यातल्या वाहतूककोंडीत हा जादा भार का द्यावा?

गिरगावकर : सबवूफरसाठी (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी) आपला मुद्दा मान्य. मला मात्र पुढचे दोन स्पीकरच वाजवायचे आहेत आणि घरच्यासारख्या बेताच्या आवाजात सरासरी भार फारच थोडा पडतो. कपॅसिटर मी घेतल्या घेतल्या बदलून घेतले. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, तर डीसी (स्पीकरला घातक ठरणारा एकदिश दाब) २० मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे नगण्य आहे.

परळचा दुरुस्तीवाला : ही मोजणी खरेदीपूर्वी करायची असते, गिरगावकर साहेब. आपले नशीब चांगले निघाले. उद्या आउटपुटचे (स्पीकरला शक्ती देणारे) ट्रान्झिस्टर गेले आणि मूळ क्रमांकाचे उत्पादन बंद झालेले असले, तर बाजारात त्याच क्रमांकाचा शिक्का मारलेला नकली माल समोर येतो आणि तो पहिल्याच जोरदार ठेक्याला जळतो. म्हणून दुकानात दोन मिनिटे गाणे ऐकून भुलू नये. बारा व्होल्टच्या सप्लायवर अर्धा तास चालवून दोन्ही चॅनेल सारखेच तापतात का, ते हात लावून पाहावे. एवढा वेळ थांबू न देणाऱ्याकडून मी तरी फुकटसुद्धा घेणार नाही.