चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय: एका दुपारीत काय बघू?

पलूसची ग्रंथपाल
आमचं सरकारी प्रतवारीतलं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे, कृष्णेपासून जवळच. नवी दोन मजली इमारत होतीय आणि आतली मांडणी समितीनं माझ्यावर सोपवलीय. पुढच्या महिन्यात लग्नासाठी चेन्नईला जातेय, तेव्हा कोट्टूरपुरमचं ते नऊ मजली ग्रंथालय बघून यायचं ठरवलंय. हाताशी एकच दुपार आहे. आमच्या उपयोगाचं काय बघू?

कृष्णाकाठ
ताई, नोकरीला चेन्नईत होतो तेव्हा माझे रविवार तिथंच जायचे. सगळे मजले चढू नका. दुसऱ्यावर तमिळ पुस्तकं, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत इंग्रजी, विषयवार. भव्य आहे, पण तुमच्या कामाचं खाली आहे.

तळमजल्यावर आपापली पुस्तकं आणून वाचायची वेगळी जागा आहे. तिथं निवांत थांबा. पोरं नोट्स पसरून बसलेली असतात, कुणी पैसे मागत नाही. आपल्याकडं एमपीएससीची पोरं खासगी अभ्यासिकेत महिन्याच्या महिन्याला पैसे भरून खुर्ची धरतात. गावच्या वाचनालयात अशी एक खोली असली, तर शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांचे ते पैसे वाचतील. खोली दाराजवळच काढा, म्हणजे त्यांची ये-जा कपाटांपाशी वाचत बसलेल्यांना जाचत नाही.

ब्रेल विभागही तळमजल्यावरच आहे, अंध वाचकाला जिना नको. मग पहिल्या मजल्यावर मुलांचा विभाग बघा. मधोमध मोठं कृत्रिम झाड आहे, पोरं त्याच्याभोवती बसून वाचतात. तुम्हाला झाड नको, पण पाच वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढीच कपाटं करून घ्या. आपल्याकडं बालसाहित्य कुलपात असतं, ते बघून मला फार वाईट वाटतं.

सातारारोड
चेन्नईआधी भिलारला जाऊन या, पाचगणीजवळच आहे. 4 मे 2017 ला 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. घराघरांत वेगवेगळ्या प्रकारचं साहित्य, आत जाऊन फुकट वाचायचं. कमी जागेत मांडणी कशी करावी, ते तिथं जास्त कळेल.

चेन्नईच्या ग्रंथालयाबद्दल एक सांगायलाच हवं. 2010 ला ते सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथं बालरुग्णालय करायचा सरकारी निर्णय झाला. प्रकरण न्यायालयात गेलं, मद्रास उच्च न्यायालयानं स्थगिती दिली म्हणून आज ते उभं आहे.

पलूसची ग्रंथपाल
दादा, अभ्यासिका खाली म्हणजे पुस्तकं वर न्यावी लागतील. म्हातारी माणसं जिना कसा चढणार? पेपर वाचायला रोज तीच येतात.

कृष्णाकाठ
पेपर, मासिकं खालीच ठेवा. त्यांना पुस्तक हवं असेल तर वरून आणून द्यायला एक माणूस नेमा. पण संग्रह वरच हवा. 1869 पासूनचं सांगलीचं नगर वाचनालय, 2019 च्या पुरात तिथली दुर्मीळ पुस्तकं भिजून गेली. तुम्हीही नदीपासून जवळच. जुनी दप्तरं, हस्तलिखितं असतील तर ती वरच्या मजल्यावरसुद्धा जमिनीपासून उंच ठेवा.

ब्रेल पुस्तकांसाठी मुंबईच्या नॅबला, म्हणजे अंधांसाठी काम करणाऱ्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड'ला पत्र लिहा. मजकूर मी करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.