पैठणीचा ब्लाउज आणि जॉर्जेटचा घेर: निसटतं कापड ताब्यात कसं आणायचं? (नाशिक)

निशिगंध_सिडको
नमस्कार मंडळी. सुती कापडावर ब्लाउज, परकर, कुर्ते नीट जमतात. आता दोन कामं समोर आहेत आणि दोन्ही कापडं हातात ठरत नाहीत. पहिलं, येवल्याच्या पैठणीतला ब्लाउजपीस. ८० सेंमी आहे, पन्हा ११२, दोन्ही कडांना जरीकाठ, रंग धूपछांव. त्याचा प्रिन्सेस कट हवा, बाही कोपरापर्यंत. दुसरं, पुतणीसाठी पूर्ण गोल घेराचा जॉर्जेटचा फ्रॉक, आत सॅटिनचं अस्तर. मशीन साधी काळी, पायाची, फक्त सरळ टाका. घरात १६ नंबरच्या सुया आणि नेहमीचा सुती दोरा आहे.
सुई-दोरा कोणता घेऊ, कापताना सरकू नये म्हणून काय करता, खळ द्यावी का, आणि सामान नाशकात कुठे मिळेल?

उरेबपट्टी
ताई, १६ ची सुई आधी बाजूला ठेवा. ती रेशमाचे धागे बाजूला सारण्याऐवजी तोडत जाते आणि शिवणीशेजारी आडवे ओढलेले धागे दिसतात. पैठणी आणि सॅटिनला ११ नंबर, जॉर्जेटला ९. कोरी सुई हवी, 'अजून चालतेय' वाली नको. टोक थोडं जरी वळलं असेल तर सॅटिनवर सरळ रेघ उमटते आणि ती नंतर जात नाही. जरीच्या काठावर मात्र ११ ची सुई कधी कधी वाकते. तिथे १४ लावा आणि चाक हाताने फिरवत टाके घ्या.

दोरा बारीक पॉलिएस्टरचा घ्या. बॉबिन सावकाश भरा. पॉलिएस्टर दोरा वेगात गुंडाळला तर ताणून बसतो, शिवल्यावर आखडतो आणि शिवणीत चुण्या पडतात. टाक्याची लांबी पैठणीला सव्वादोन ते अडीच मिमी, जॉर्जेटला पावणेदोन ते दोन. टाका फार बारीक घेतला तरी चुण्या येतात, कारण दाटीने विणलेल्या कापडात दोऱ्याला बसायला जागाच उरत नाही.

तुमची काळी मशीन या कामाला उलट चांगली. झिगझॅग मशीनच्या प्लेटला लांबट भोक असतं आणि पातळ कापड त्यात ओढलं जातं. सरळ टाक्याच्या प्लेटचं भोक लहान आणि गोल असतं. फक्त भोकाच्या कडेवर बोट फिरवून बघा. सुया आपटून चरे पडले असतील तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या.

धावदोरा
वरच्याला एक जोड. डोक्यावरचा दाबाचा स्क्रू (ज्याने कापड दाबणाऱ्या लोखंडी पायाचा दाब कमी-जास्त होतो तो) दोन-तीन वळसे सैल करा. सुती कापडाचा दाब सॅटिनला लावला की खालच्या, कापड सरकवणाऱ्या दात्यांचे वण उमटतात. शिवाय खालचा थर दात्यांबरोबर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो आणि शेवटी वरची कड अर्धा सेंमी लांब भरते. पुष्कळ जणी त्याचं खापर कापण्यावर फोडतात.

वरच्या दोऱ्याचा ताणही थोडा कमी करा. कतरणीवर दहा सेंमीची शिवण घाला आणि दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. वरचा दोरा तुटला तर ताण अजून जास्त आहे. सुरुवात करताना दोन्ही दोरे मागे धरून ठेवा, नाहीतर पहिल्या दोन टाक्यांतच कापडाचा गोळा होतो. त्याहून सोपं म्हणजे आधी कतरणीवर चार टाके घ्यायचे आणि न थांबता त्यावरून कापडावर यायचं. उलटी शिवण मारून टोक पक्कं करू नका. दोरे लांब सोडून हाताने गाठ मारा.

मांजरपाट
सगळे मशीनवर बोलताहेत. खरं काम टेबलावर बिघडतं.

टेबलावर आधी सुती चादर अंथरा. सनमायक्यावर जॉर्जेट ठेवून सरळ कापता येत नाही, कितीही जपलं तरी. चादरीवर पांढरा किंवा खाकी कागद, त्यावर कापड. वर्तमानपत्र नको, शाई लागते. कापडाची आडवी कड सरळ आहे हे गृहीत धरू नका. दुकानात कातर नेहमी सरळ धाग्यावर चालते असं नाही. एक आडवा धागा ओढून काढा, जी रेघ दिसेल तिच्यावर कापा, आणि ती कड कागदाच्या कडेला जुळवा. आता काठ आणि आडवा धागा काटकोनात आले.

कापड दुहेरी घालू नका. खालचा थर कुठे गेला ते दिसत नाही. पुठ्ठ्याचा पूर्ण कटिंग पॅटर्न करा (अर्धा नव्हे), एकेरी कापडावर ठेवा, वजनं ठेवा आणि कागदासकट कापा. टाचण्या लावायच्याच असतील तर बारीक पोलादी, आणि फक्त मायेत (शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडात). पैठणीत टाचणीचं भोक भरून येत नाही. कातर लांब पात्याची, धार केलेली, खालचं पातं टेबलाला टेकलेलं. कापड उचललं की रेषा गेली.

खुणांसाठी साबणाची चिप वापरू नका. सुती कापडाला ठीक आहे, पण रेशमावर इस्त्री फिरली की तेलकट डाग राहतो. मेणाच्या खडूचंही तेच. टक्सच्या आणि मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या गोलाईच्या) खुणा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्च्या टाक्याने घाला.

निशिगंध_सिडको
कागदासकट कापायचं हे कधी ऐकलंच नव्हतं. कातरीची धार जात नाही का? आणि ८० सेंमीत कोपरापर्यंतची बाही बसेल ना?

मांजरपाट
थोडी धार जाते. म्हणून या कामाची कातर वेगळी ठेवा आणि काम झालं की धार करून घ्या. कापड वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त.

८० चं गणित असं. काठ बाहीच्या खालच्या कडेला हवा, म्हणजे बाही कापडाच्या आडव्या दिशेने बसते आणि तिची रुंदी काठाच्या लांबीवर मोजायची. माया धरून एक बाही ३८ सेंमीपर्यंत रुंद असेल तर दोन्ही बाह्या एकाच काठावर शेजारी बसतात, ७६ झाले. बाहीची उंची २८ धरली तर पन्ह्यातले ८४ सेंमी सलग उरतात. मागची बाजू आणि प्रिन्सेसचे पुढचे तुकडे त्यात काढा. हूकपट्टी, गळ्याच्या आतल्या पट्ट्या अस्तरातून. माप मोठं असेल तर एक बाही या काठावर, दुसरी समोरच्या काठावर घालावी लागते. मग काठातले मोर किंवा मुनिया दोन्ही हातांवर कुठे तोंड करतात ते कापण्याआधी बघा.

धूपछांव आहे म्हणून आणखी एक. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचे असतात. त्यामुळे पुढचे चारही तुकडे आणि पाठ एकाच दिशेने ठेवा. एक कळी जरी आडवी घातली तरी ती वेगळ्या कापडाची वाटते. बाह्या आडव्या असल्याने थोड्या वेगळ्या दिसतीलच, पण दोन्ही सारख्या असल्या की खटकत नाही.

उरेबपट्टी
आणि पैठणीला कातर लावण्याआधी मांजरपाटाचा एक ब्लाउज शिवून अंगावर घालून बघाच. (हा टोमणा नाही, कापडाबद्दल बोलतेय 😄) रेशमात उसवलं की टाक्यांच्या भोकांची रांग राहते. सैल झालं तर घट्ट करता येतं, पण घट्ट झालेलं सैल करायला गेलात तर भोकं बाहेर येतात.

टाकेटुके
खळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

पैठणीला खळ नाही, पाणीच नाही. रंग उतरू शकतो, पाण्याच्या थेंबाचा डाग राहतो, जरीची चमकही जाऊ शकते. जॉर्जेटला मात्र जरूर द्या, पण आधी ते कशाचं आहे ते बघा. कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. रेशमी जॉर्जेट पिळाच्या धाग्याचं असल्याने ओलं झालं की आटतं. ते कापण्याआधीच गार पाण्यातून काढून वाळवा. पॉलिएस्टर आटत नाही, पण खळ त्यालाही उपयोगी.

एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे आरारूट. आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गाळा आणि कोमट झाल्यावर कापड बुडवा. पिळू नका. सावलीत दांडीवर सरळ पसरून वाळवा, कारण वाकडं वाळलं तर वाकडंच कडक होतं. किंचित दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री. कापड कागदासारखं वागायला लागतं. शिवून झालं की धुतल्यावर खळ निघून जाते. परदेशात यासाठी जिलेटिन वापरतात, पण ते प्राणिजन्य असतं आणि कित्येक घरांत चालत नाही. साबुदाण्याची पेज गाळून घेतली तरी काम होतं. कोपऱ्यावर करून बघितल्याशिवाय काहीच अख्ख्या कापडाला लावू नका.

धावदोरा
खळीशी मी अर्धाच सहमत. एका फ्रॉकसाठी एवढा खटाटोप नको वाटला तर पातळ पांढरा कागद वापरा, साड्यांच्या घडीत घालतात तो. बोटभर रुंद पट्ट्या कापून जॉर्जेटखाली ठेवायच्या, दाते कागदाला धरतात. शिवून झाल्यावर टाक्यांवर बोट दाबून कागद हलकेच फाडायचा. पतंगाचा रंगीत कागद नको, ओलावा लागला की रंग सोडतो. बटर पेपर जाड पडतो, फाडताना टाके ओढले जातात.

टाकेटुके
सरळ शिवणीला कागद ठीक. पण गोल घेर कापायचा आहे, तिथे कापताना कागद किती धरून ठेवणार? घेराला खळच.

धावदोरा
घेराला मान्य.

मांजरपाट
घेराचं पुढे सांगते. कंबर २४ इंच असेल तर आतल्या वर्तुळाची त्रिज्या २४ भागिले ६.२८, म्हणजे साधारण ३.८ इंच. ही शिवणीची रेघ. त्याच्या आत अर्धा इंच माया ठेवून कापा. गोल घेरात चार ठिकाणी कापड उरेब (धाग्यांना तिरकं) येतं आणि तिथे ते लोंबतं. कापल्या कापल्या कंबरेच्या मायेत एक शिवण घाला किंवा सुती फीत टाचा, नाहीतर कंबरच ताणून मोठी होईल. मग घेर हँगरला लावून किमान २४ तास टांगून ठेवा. उरेबाचे चार भाग खाली उतरलेले दिसतील. अंगावर घालून जमिनीपासून मोजत खाली खुणा करा आणि समान कापा. हे न करता कड दुमडली तर पहिल्या धुण्यानंतर घेर पानासारखा टोकं काढतो.

खालच्या कडेला तीन फेऱ्या. कडेपासून पाच मिमीवर शिवण, त्या रेघेवर दुमडून कडेलगत दुसरी शिवण, जास्तीचं अगदी लगत कापायचं, पुन्हा दुमडून तिसरी. वेळ नसेल तर पिकोवाल्याकडे द्या, जॉर्जेटला पिको शोभतं.

जॉर्जेटच्या उभ्या शिवणी फ्रेंच पद्धतीने. माया दीड सेंमी. सुलट बाजू बाहेर ठेवून कडेपासून सात मिमीवर शिवा, तीन मिमी ठेवून कापा, उलटवा, इस्त्री करा, आता आठ मिमीवर शिवा. पहिल्या शिवणीनंतर नीट कापलं नाही तर धाग्यांच्या मिशा सुलट बाजूला डोकावतात.

उरेबपट्टी
पैठणीच्या ब्लाउजला मात्र बाजूंना फ्रेंच शिवण नको, पुढे सैल करायला एक ते दीड इंच माया सोडायची असते. तिथे कडा इंटरलॉक करा. कापल्यावर लगेच कडेपासून तीन मिमीवर एक शिवण फिरवून घ्या, विशेषतः जरीच्या टोकांना. जरी उसवायला लागली की थांबत नाही.

अस्तराला टू बाय टू रुबिया (बारीक सुती कापड). रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं रेशीम फुगतं. प्रत्येक तुकडा अस्तराच्या तुकड्यावर सपाट ठेवून कच्च्या टाक्याने चारही बाजूंनी जोडा आणि दोन्ही मिळून एक कापड समजून शिवा. टाचण्यांपेक्षा हे सुरक्षित, आणि याने अजून एक मोठी अडचण टळते. पाठीवर किंवा मुंढ्याला ताण आला की रेशमाचे गुळगुळीत धागे टाक्यापासून सरकतात आणि शिवणीलगत जाळी दिसते. अस्तर ताण घेतं, रेशीम नुसतं वर राहतं. तरीही ब्लाउज सुतीपेक्षा अर्धा इंच सैलच ठेवा.

इस्त्री: रेशमाच्या खुणेवर, कोरडी, उलट्या बाजूने, वर जुनं मलमल. वाफ नको. सॅटिनच्या शिवणी उघडताना मायेखाली कागदाच्या पट्ट्या सरकवा, नाहीतर मायेची कड पुढून उमटते. सेमी पैठणीची जरी बहुधा प्लास्टिकच्या पत्र्यावरची असते, गरम इस्त्रीने आकसते.

निशिगंध_सिडको
खूप खूप धन्यवाद! कागद, आरारूट, ९ आणि ११ च्या सुया अशी यादी केली. सुया कुठे विचारू? आणि सॅटिनचं अस्तर आतापासूनच अंगाला चिकटतंय, कापताना हाताला ओढलं जातं.

धावदोरा
मेन रोड आणि शालिमारच्या पट्ट्यात शिलाई सामानाची दुकानं आहेत. जुनी सुई सोबत न्या. घरगुती मशीनची सुई वरून एका बाजूने चपटी असते, कारखान्याच्या मशीनची गोल. नुसतं 'अकरा नंबर' म्हटलं तर कुठलीही हातात येते. ९ नंबर सगळीकडे नसतो, म्हणून पाकीटच घ्या.

चिकटणं हे कोरड्या हवेचं, नाशकात थंडीत जास्तच. टेबलाशेजारी ओला टॉवेल वाळत टाका, सॅटिनवरून दमट हात फिरवा. हाताला भेगा असतील तर आदल्या रात्री तेल लावा आणि सकाळी साबणाने धुऊन मगच कापडाला हात लावा.

निशिगंध_सिडको
फ्रॉकला मागे चेन लावायची आहे. जॉर्जेट फाटेल का?

मांजरपाट
चेन जॉर्जेटला लावू नका, अस्तराला लावा. सॅटिनच्या मायेवर दोन सेंमी रुंद पातळ फ्यूजिंगची पट्टी चिकटवा (आधी कतरणीवर बघा, फुगे येतात का), त्यावर चेन बसवा. जॉर्जेट चेनच्या दोन्ही बाजूंना मोकळं ठेवून हातशिलाईने टाचा. टाके सैल ठेवा, नाहीतर पाठीवर चुण्या दिसतील.