'नियामक' की 'नियंत्रक'?

भाषांतरवाली: मधुमेहावरचा एक लेख मराठीत करतेय. 'स्मॉल रेग्युलेटरी आरएनए'ला काय म्हणू? 'नियंत्रक' लिहिलं की परीक्षा नियंत्रक आठवतात, 'नियामक' लिहिलं की नियामक मंडळ. आणि 'लघु' की 'सूक्ष्म'?

पेशीवाला: आधी तो रेणू करतो काय ते बघा. ह्या कुटुंबातलाच मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडा. प्रथिनाचा निरोप घेऊन निघालेल्या संदेशवाहक आरएनएला तो जाऊन चिकटतो. मग निरोप वाचलाच जात नाही, नाहीतर त्याचे तुकडे होतात. पण प्रथिन सहसा साफ बंद पडत नाही, थोडं कमी होतं. पंख्याचं बटण नव्हे, शेजारचा रेग्युलेटर! म्हणून 'नियामक'च.

भाषांतरवाली: लेखात एके ठिकाणी 'इन्सुलिन दाबणारा' असं आलंय. मग 'दमनकारी' चालेल?

पेशीवाला: तिथेच फसाल. मिर-३७५ नावाचा मायक्रोआरएनए घ्या, स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत हा भरपूर असतो. २००४ साली दिसलं की पेशींत तो वाढवला तर ग्लुकोजला उत्तर म्हणून सुटणारं इन्सुलिन घटतं, अडवला तर वाढतं. वाटलं, हाच खलनायक. मग २००९मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर तपासले, तर त्यांची साखर चढलेली! बीटा पेशीच कमी भरल्या होत्या. आता ह्याला दमनकारी कसं म्हणणार?

कोशकिडा: पटलं. 'लघु' हे सगळ्या कुटुंबाला ठेवा, मायक्रोआरएनए तसाच राहू द्या. २०२४च्या नोबेलनंतर (अँब्रोस आणि रव्हकुन, १९९३ साली एका इवल्याशा कृमीत सापडलेला) तो शब्द वाचकांच्या कानावरून गेलाय. 'सूक्ष्मआरएनए' शोधायला कोण जाणार? त्यापेक्षा 'चयापचय' लिहिताना जपा. माझ्या ओळखीतले निम्मे लोक त्याचा अर्थ 'पचन' समजतात. पचनाशी संबंध नाही हो, चय म्हणजे साठवण-बांधणी, अपचय म्हणजे मोडणी.

पेशीवाला: अगदी. यकृतातला मिर-१२२ उंदरांत अडवला की रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. ह्यात पचन कुठे आलं?

भाषांतरवाली: मग शीर्षक 'लघु नियामक आरएनए आणि चयापचय'. शेवटचं एक, तो आरएनए की ते?

कोशकिडा: तो. रेणू पुल्लिंगी.

पेशीवाला: आमच्या लॅबमध्ये सगळे 'ते आरएनए काढून ठेव' म्हणतात. पण तुम्ही 'तो'च लिहा.