साधी बॉक्स्टर घ्यावी का? नाशिकमध्ये चालवणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा

टूलरूम_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. वय ४७. घराचं कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं, मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वीस वर्षं एक इच्छा मनात धरून होतो. आता ती पुरी करायची असं घरात ठरलंय, आणि ठरवलं ते बायकोने.

मागच्या आठवड्यात मुंबईत एक पोर्शे बॉक्स्टर बघून आलो, दोन सीटची, कापडी छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार. २०१० ची, २.९ लिटरची साधी, जास्त ताकदीची ‘एस’ नाही. पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसरा मालक, ३८ हजार किलोमीटर, रंग गडद निळा. मालकाने गाडी सुरू केली आणि आवाज पुढून न येता थेट पाठीमागून आला, खांद्याशी कोणीतरी उभं राहून बोलावं तसा. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

पण ज्याला सांगावं तो म्हणतो, “घ्यायची तर पोर्शेचीच मोठी ९११ घे, ही गरिबाची पोर्शे.” दुसरा म्हणतो, एवढ्या पैशात नवी कोरी मोठी एसयूव्ही येते, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं नाशिक खोदलंय, त्यात ही चालवणार कुठे? तिसऱ्याने इंजिनातल्या कुठल्याशा बेअरिंगची भीती घातली.

ज्यांच्याकडे ही गाडी प्रत्यक्ष आहे त्यांनीच सांगावं. आपल्याकडच्या रस्त्यांवर, आपल्याकडच्या पावसात ती कशी राहते? आणि साधी घेतली म्हणून पुढे हळहळ वाटते का?

गोदाकाठ

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्याकडे २००७ ची आहे, २.७ लिटर, टिपट्रॉनिक (पीडीकेच्या आधीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). २०१६ मध्ये घेतली. मीही सातपूरचाच माणूस, मशीन शॉपमधला, त्यामुळे तुमच्या भाषेत सांगता येईल.

आधी त्या ‘गरिबाची पोर्शे’चं. हे ऐकून मी दोन वर्षं घालवली, म्हणून मला याचा राग आहे. ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. आपल्या नेहमीच्या गाड्यांचं पुढे. बॉक्स्टरचं सीटच्या पाठीला लागून, मागच्या ॲक्सलच्या पुढे. कोजागिरीला सप्तशृंगी गडावर कावडी घेऊन जाणारे तुम्ही पाहिलेच असतील. भरलेली कावड खांद्यावर घेऊन झटकन वळायला जा. आधी ती वळायला तयार होत नाही, आणि वळायला लागली की थांबत नाही. आता तेच पाणी एका हंड्यात भरून पोटाशी धरा आणि वळा. बॉक्स्टर म्हणजे तो पोटाशी धरलेला हंडा आहे. त्यात सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, पिस्टन आडवे, तीन इकडे तीन तिकडे, त्यामुळे वजन जमिनीजवळ. ही मांडणी पोर्शेने कोणाला स्वस्तात काही द्यायचं म्हणून काढलेली नाही. १९५३ ची त्यांची ५५० स्पायडर ही रेसची गाडी अशीच, इंजिन मधे असलेली होती. १९९६ मध्ये पहिली बॉक्स्टर आली तेव्हा कंपनी अडचणीत होती, आणि तिला वर काढण्यात या गाडीचा मोठा हात आहे. एवढं असून तिला धाकटी म्हणून हिणवतात.

पेठ रोडला सावळघाटात सकाळी सहाच्या सुमाराला जा. वळणावर स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढीच गाडी फिरते, ना जास्त ना कमी. पुढचं चाक खडीवर गेलं तर ते हाताला कळतं. ताशी ५०–६० च्या वेगातही हे सगळं मिळतं, म्हणून आपल्याकडे मला ती जास्त शक्तीच्या गाड्यांपेक्षा योग्य वाटते. माझ्या इंजिनाची ताकद २४५ पीएस (अश्वशक्ती), तुम्ही पाहिली तिची २५५. ‘एस’ची ३१०. ती ताकद संपेपर्यंत वापरायला मला दहा वर्षांत नाशिक जिल्ह्यात जागा सापडली नाही. समृद्धीवर १२० ची मर्यादा, आणि सरळ काँक्रीटवर या गाडीत चालवण्यासारखं काही उरत नाही. साधी घेतल्याची हळहळ मला एकदाही झाली नाही.

आता खरं दुखणं सांगतो. खड्डे नव्हेत. पाणी.

छप्पर कापडी आहे, ते मागे घडी होऊन ज्या खोबणीत बसतं तिथे दोन्ही बाजूंना पाणी जायला भोकं आहेत. पाणी तिथून नळीने खाली मागच्या चाकापाशी बाहेर पडतं. माझी गाडी गंगापूर रोडला घराच्या आवारात कडुनिंबाखाली उभी असायची. सावली आहे म्हणून मुद्दाम तिथे लावायचो. कडुनिंबाची ती बारीक पानं त्या भोकांत गेली, कुजली आणि बूच बसलं. २०१८ च्या जुलैत घोटीहून येताना सगळा रस्ता धो धो पाऊस. घरी आलो, गाडी लावली. तिसऱ्या दिवशी किल्ली दाबली तर काहीच नाही. दार उघडून पाय आत ठेवला आणि गालिचातून पाणी वर आलं. सीटखाली इलेक्ट्रॉनिक्सचा डबा असतो, तो त्या पाण्यात बसला होता.

टो करून मुंबईला एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी गालिचा उचलून न बघताच पूर्ण वायरिंग आणि तीन मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. त्या आकड्यात आमच्याकडे एक जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आली असती. मी गाडी परत आणली. आमच्या कारखान्याचा इलेक्ट्रिशियन आणि मी, दोघांनी मिळून सीट काढली, डबा उघडला. कनेक्टरच्या दोन पिनांवर हिरवा थर चढला होता, बाकी बोर्ड ठीक. पिना साफ केल्या, बोर्ड दोन दिवस कोरड्या हवेत ठेवला, गालिच्याखालचा फोम उन्हात वाळवला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि त्या डब्याने पुन्हा त्रास दिलेला नाही.

तेव्हापासून मृग लागायच्या आधी एक काम मी स्वतः करतो. छप्पर एक तृतीयांश उघडून थांबवायचं, बॅटरीने आत बघायचं, आणि गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी टोक गोल करून त्या भोकात हळूहळू सरकवायची. तार घालू नका, नळी फाटते. वरून तांब्याभर पाणी ओतायचं. आधी चाकापाशी काहीच येत नाही, मग एक गुळगुळ आवाज होतो आणि चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ एकदम खाली पडतो. मागोमाग पाणी स्वच्छ यायला लागलं की काम झालं. दोन्ही बाजू धरून वीस मिनिटं. ही वीस मिनिटं ज्याला देता येत नाहीत त्याने ही गाडी घेऊ नये.

पाल्याचा दुसरा अड्डा पुढच्या बंपरात आहे. रेडिएटर पुढे दोन कोपऱ्यांत असतात, त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. जाळीतून पालापाचोळा आणि प्लास्टिक आत जातं, ओलं राहतं आणि ॲल्युमिनियम खातं. मी बंपर काढून साफ केलं आणि आमच्याच शॉपमध्ये बारीक स्टीलची जाळी कापून बसवली.

स्पीडब्रेकरचं फार मनावर घेऊ नका. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४१५ मिलिमीटरचाच आहे, त्यामुळे पोट सहसा लागत नाही, पुढचा रबरी ओठ घासतो. तो घासायलाच दिलाय.

पाषाण_केमन

पुण्यात माझ्याकडे २००९ ची केमन आहे, तेच २.९ इंजिन. गाडी तीच, वर पक्कं छप्पर. पाण्याची ही सगळी भानगड नाही, बॉडी जास्त कडक, आणि सामानाला पुढे मागे मिळून ४१० लिटर जागा, बॉक्स्टरला २८०. आपल्याकडे ऊन आणि धूळ बघता छप्पर किती दिवस उघडणार? केमन मिळते का बघा.

गोदाकाठ

केमन उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळची हवा कशी असते ते पुण्याच्या मित्रांनाही ठाऊक आहे. दिंडोरी रोडने वणीकडे निघालात की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पहाटे पाणी सोडलेलं असतं, त्या ओल्या मातीचा वास उघड्या गाडीत आत येतो. बाग संपली की हवा कोरडी होते, पुढची बाग आली की परत गार. हे मी बंद गाडीत वीस वर्षं त्याच रस्त्याने जाऊन कधी अनुभवलं नव्हतं. छप्पर बारा सेकंदांत उघडतं.

कॉव्हेंट्री_मूळ_नाशिकरोड

माझ्याकडे इथे इंग्लंडमध्ये २००३ ची टोयोटा एमआर२ आहे. १.८ लिटर, १४० पीएस, वजन जेमतेम एक टन. मांडणी हीच, इंजिन मधे. भारतात ती विकली गेली नाही म्हणून तुमच्या कामाची नाही, पण अशा गाडीची एक सवय कळकळीने सांगतो. वळणात मध्येच घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलायचा नाही. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी इतक्या पटकन फिरते की सावरायला वेळ उरत नाही. पोटाशी धरलेला हंडा जसा पटकन वळतो तसाच पटकन हातातून निसटतोही. ओल्या रस्त्यावर मी एकदा पूर्ण गोल फिरलोय, समोरून कोणी नव्हतं म्हणून आज लिहितोय. वेग वळणाच्या आधी कमी करा, आणि वळणात पाय हलका पण स्थिर ठेवा. बॉक्स्टरमध्ये पीएसएम (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे, ते चालूच राहू द्या. आणि मागचे टायर गुळगुळीत झालेली गाडी पावसात काढू नका, कितीही हौस असली तरी.

टूलरूम_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार. कावडीचं उदाहरण घरात सांगितलं तर आई म्हणाली, “हे बरोबर आहे.” ती लहानपणी पाणी वाहायची.

गोदाकाठ, तेवढं बेअरिंगचं सांगा. आणि परत बघायला जाईन तेव्हा नेमकं काय बघू?

गोदाकाठ

बेअरिंग म्हणजे इंटरमीजिएट शाफ्टचं. क्रँकवरून झडपा उघडणाऱ्या कॅमकडे फिरणं नेणारा जो शाफ्ट आहे, त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग होतं. सीलमुळे इंजिनाचं ऑइल आत नीट पोचत नाही आणि आतलं ग्रीस कालांतराने निघून जातं. आपल्याला हे समजावून सांगायला नको, ग्रीस गेलेलं बेअरिंग काय करतं ते रोज बघतो. ते तुटलं तर टायमिंग, म्हणजे झडपा आणि पिस्टनचा ताळमेळ, जातं आणि इंजिन संपतं. पण हे २००८ पर्यंतच्या गाड्यांपुरतं. २००९ पासून इंजिन नवं आलं, त्यात तो शाफ्टच नाही. तुमच्या २०१० च्या गाडीला ही भीती लागू नाही. ज्याने घातली त्याने वर्ष विचारलं नसेल.

माझ्या २००७ च्या गाडीत ते आहे, मोठ्या आकाराचं, आणि इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून दर वेळी ऑइल बदललं की फिल्टरचा कागद ब्लेडने कापून पांढऱ्या फरशीवर पसरतो आणि धातूचा चुरा आहे का ते घडी न घडी भिंगाखाली बघतो. चुंबक फिरवतो. आजवर काळी काजळी आणि एकदा प्लास्टिकचा कण, याखेरीज काही निघालेलं नाही. सवय तुमच्या गाडीतही ठेवा, इंजिन कुठलंही असो फिल्टर खोटं बोलत नाही. ऑइल सुमारे आठ लिटर लागतं.

बघायला जाताना नायलॉनची दोरी आणि पाण्याची बाटली खिशात टाकून न्या. दोन्ही सीट पुढे घेऊन मागचा गालिचा तळहाताने जोरात दाबा, मग हात नाकाला लावा. कोंदट वास आला तर पुढचं काही बघू नका. छप्पर तीन वेळा उघडा आणि मिटवा. गाडी गार असताना सुरू करायला सांगा, आधी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. टायरवरची तारीख वाचा, नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर नको. मूळ चाकं १७ इंची, पुढे २०५/५५, मागे २३५/५०. कोणी हौसेने १९ इंची लावली असतील तर मूळची मागून घ्या, आपल्या रस्त्यांना तीच बरी. स्टेपनी नसते, म्हणून हवा भरायचा छोटा पंप कायम बरोबर.

आणि कागद. २०१० ची म्हणजे १५ वर्षं भरली. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आरसी बुकात बघा. आयात चारचाकीसाठी ही फी ४० हजार आहे, वर पर्यावरण कर. झालं नसेल तर ते मालकाने करून द्यावं किंवा तेवढे पैसे किमतीत कमी करावेत.

रात्री चालवायची झाली तर एक जपा. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय जातात, आणि या गाडीत आपण इतके खाली बसतो की ट्रॉलीचा दांडा नेमका डोळ्यांच्या उंचीवर येतो. मी अंधार पडल्यावर त्या बाजूला ती नेतच नाही.

टूलरूम_अंबड

शनिवारी जाऊन आलो. मुलीला बरोबर नेलं. गालिचा दोन्हीकडे कोरडा, वास नाही. उजव्या भोकातून पाणी सरळ गेलं. डावीकडे दोरी अडली, जरा फिरवली आणि तुम्ही म्हणालात तसाच गुळगुळ आवाज झाला. मालक बघतच राहिला, सहा वर्षं गाडी त्याच्याकडे आहे आणि तिथे भोक आहे हे त्याला माहीत नव्हतं. नूतनीकरण झालेलं नाही, ते किमतीत धरलं. मागचे टायर २०१७ चे निघाले, चारही नवीन टाकूनच कसारा चढायचा असं ठरवलंय.

टोकन दिलं. आमच्या दारात गुलमोहर आहे, म्हणून गाडी कारखान्याच्या शेडमध्ये राहील, सरफेस ग्राइंडरच्या शेजारची जागा रिकामी केली.

गोदाकाठ

अभिनंदन दादा. ग्राइंडरची धूळ छपराच्या कापडात बसते, मध्ये पडदा लावा. गाडी आली की कळवा. वहिनींना आधी बसवून आणा, मग एका रविवारी सकाळी साडेपाचला दिंडोरी नाक्यावर भेटू आणि सापुताऱ्यापर्यंत जाऊन येऊ. पुढे मी राहतो, रस्ता कुठे उखडलाय ते मला पाठ आहे.