इंजिन उघडण्याआधी डीपीएफ बघा

न्हावाशेवा बंदराच्या फेऱ्या मारणाऱ्या नव्या बीएस-६ ट्रकची ओढ बोरघाटात मेली, म्हणजे इंजिनच कच्चं, असं म्हटलं जातं. मला पटत नाही. बंदराच्या रांगेत गाडी तासन्‌तास आयडलवर उभी राहते, सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साठत जाते. ती जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं, त्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. या जाळण्यालाच रीजन म्हणतात. रीजन अर्धवट असताना चावी बंद केली की काजळी तशीच राहते. शिवाय ज्या इंजिनात हे डिझेल सिलिंडरमधूनच सोडतात, तिथे थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, ऑइल बोटाला पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर ते लगेच बदला, नाहीतर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातील. ऑइल कमी राखेचंच हवं, सीके-४ दर्जाचं किंवा कंपनीने सांगितलेलं.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की टाळू नका. मोकळ्या जागी हँडब्रेक लावून रीजन पूर्ण होऊ द्या. सायलेन्सरजवळ ताडपत्री किंवा वाळलं गवत नको.

डीईएफमुळेही, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाच्या पाण्यामुळेही, पॉवर कापली जाते. त्यात युरिया ३२.५ टक्केच हवा, सुटं स्वस्तातलं घेऊ नका. ते धुरात फवारणाऱ्या डोसिंग नोझलवर पांढरे खडे दिसले तर कोमट पाण्याने विरघळवा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. आणि हो, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करतो तो) होजची क्लिप आधी तपासा. ती सैल असली तरी ओढ अशीच जाते.