व्हिन्यो व्हेर्देला आणखी एक संधी द्या

व्हिन्यो व्हेर्दे ही पोर्तुगीज वाइन तुम्हाला 'पाण्यासारखी पातळ लागली' असेल, पण चांगली गार करून प्यायलात का? मी परवा मडगावात बाटली अर्धा तास बर्फात ठेवली. ओतल्यावर ग्लासच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटले, वास लिंबाच्या सालीचा आणि जिभेच्या टोकाला हलकी चुणचुण. नावातलं 'व्हेर्दे' म्हणजे 'हिरवी', पण ते रंगाचं नाही, कोवळेपणाचं. ही बहुतेक वेळा लवकरच प्यायची. पोर्तुगालच्या वायव्येची, १९०८ साली या वाइनसाठी आखलेल्या प्रदेशातली. अल्कोहोलही सहसा कमीच. नुसती प्यायलो तेव्हा मलाही जरा फिकी वाटली. पण तिसऱ्यांच्या सुक्याचा घास खाल्ला, वर एक घोट घेतला, आणि ओल्या खोबऱ्याचा गोडवा काय खुलला! तसं एकदा करून बघाच.