आजचा दिवस कशामुळे बरा गेला?

लग्न, बारसं, नवं घर, मुलांचा निकाल असे मोठे आनंद आपण आपणहून सांगतो. पण कामाच्या रगाड्यात मध्येच जीव सुखावतो, ते कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. सहली आणि सणवार नकोत. नेहमीच्या दिवसातलं सुख लिहा, आणि तपशिलासकट लिहा. नुसतं ‘सकाळचा चहा’ लिहिलंत तर चालणार नाही. कुठल्या भांड्यातला, किती उकळलेला, कुणाबरोबर, हे यायलाच हवं.

सुरुवात मी करते. सकाळी माझ्या पोळ्या चालू असताना शेजारच्या काकांकडे विविध भारती लागलेली असते. ती १९५७ सालची, काकांच्या आणि तिच्या वयात फारसा फरक नाही. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. आवडतं गाणं लागलं की काका आवाज वाढवतात, आणि मी इकडे एक्झॉस्ट फॅन बंद करते. याबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही.

*

मी लातूरची. आमच्याकडं नळाला पाणी येण्याचा वार असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर आलं. ते दिवस सरले, पण कान नळाकडं लागले ते लागलेच. पाण्याच्या दिवशी तोटी उघडीच ठेवते. आधी नुसती हवा सुसाटते, मग दोन-चार पिचकाऱ्या, थोडं गढूळ, आणि मग एकदम सरळ धार. रिकाम्या हंड्यात तिचा आवाज घुमतो, हंडा भरत आला की बारीक होत जातो. भाजी चिरता चिरता नुसतं ऐकून कळतं की आता उठायला हवं. हंडे, पिंप, टाकी, शेवटी घरातलं पातेलंसुद्धा भरून झालं की मग एक बादली माझी. त्या बादलीनं डोक्यावरून न्हाते, अजिबात घाई न करता.

*

ताईंचं पाणी, तशी आमची लाईट. निफाडकडचा शेतकरी आहे. शेतीपंपाला आळीपाळीनं वीज मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. रात्रीची लाईट असली की डिसेंबरात मध्यरात्री बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला निघायचं. पारा पाच अंशांच्या आसपास, पाय चिखलात बधिर, आणि आता बिबट्याचंही भय. म्हणून दिवसाची लाईट लागली की आमच्याकडं तो आठवडा सुखाचा. उन्हात दारं धरताना सगळं दिसतं. कोरड्या वाफ्यात पाणी शिरलं की भेगांतून बुडबुडे येतात, बगळे किडे टिपायला मागोमाग चालतात. खोऱ्यानं एक दारं मोडायचं, दुसरं बांधायचं, तेवढ्यात मंडळी भाकरी घेऊन येतात. परवा रात्री दोनच्या सुमारास सवयीनं जाग आली. बूट शोधायला हात खाली गेला, तेव्हा आठवलं की आज कुठं जायचं नाही. कूस बदलून परत झोपलो.

*

गंगावेशीतला दूध कट्टा. रात्री जेवण झालं की मी आणि आबा पायीच जातो. समोर म्हशीची धार काढून पेला हातात देतात, वर बोटभर फेस. कोल्हापूरकरांना जास्त सांगायची गरज नाही.

*

संध्याकाळची कसारा लोकल, बायकांचा डबा. हिवाळ्यात दादरला मटार घेऊन चढते. बसायला जागा मिळाली की पिशवी मांडीवर उघडायची. शेजारची न विचारता हात पुढं करते, मग समोरचीही. कुणी बँकेतली, कुणी रुग्णालयातली, नावं ठाऊक नाहीत. सालं एका पिशवीत, दाणे डब्यात, आणि बोलणं सासरपासून पीएफपर्यंत कशावरही. काल एक कॉलेजची मुलगी पुस्तक मिटून मदतीला आली. तिचे निम्मे दाणे डब्याऐवजी तोंडात जात होते. एक मावशी म्हणाल्या, “खा गं, कोवळे आहेत तोवर.” कल्याण येईपर्यंत डबा भरतो. घरी उसळ फोडणीला टाकायची तेवढी राहते. जो अर्धा तास वाचतो, त्यात मी काहीही करत नाही. पाय वर घेऊन बसते.

*

गोव्यातल्या फोंड्याहून. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू वाजला की धाकटा फाटकाकडे पळतो. उंडे, म्हणजे गोल पाव, माझ्या पिशवीत आणि बांगडीसारखं कडक पावाचं कांकण त्याच्या मनगटात. चहात बुडवायच्या आधी ते घालून शेजारी दाखवून यायचं, हा त्याचा नेम. तोवर माझा चहा गार होतो, तरी मी थांबते.

*

अमेरिकेत मिनेसोटात राहते. जानेवारीत बाहेर उणे वीस, घरातही दही लागायचं नाव घेत नाही. ओव्हन न पेटवता आतला फक्त दिवा लावायचा आणि विरजलेलं पातेलं रात्रभर आत ठेवायचं, ही युक्ती इथल्या एका मावशींनी शिकवली. सकाळी पातेलं जरासं तिरकं करून बघते. दही हललं नाही, वर पाणी सुटलं नाही, की लगेच आईला व्हिडिओ कॉल. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ, दिवाबत्ती चालू असते. “चमचा उभा राहतोय का बघ,” ती म्हणते. राहतो. मग त्यातलं चमचाभर पुढच्या विरजणाला काढते आणि उरलेल्याची कढी. आलं जरा जास्त घालून.